टेलर सोसायटी : कामगारावर रोखलेले घड्याळ व्यवस्थापनाकडे कसे वळले

प्रश्न तीन भागांत विचारला गेला आहे. कारखान्यातले काम घड्याळाने मोजून त्याचे शास्त्र करू पाहणारे अमेरिकन अभियंते फ्रेडरिक टेलर यांच्या नावाने अमेरिकेत चाललेली ‘टेलर सोसायटी’ ही कारखानदारांची केवळ प्रचारसंस्था होती का, तिचे पुढे काय झाले, आणि आपल्याकडच्या औद्योगिक अभियांत्रिकीशी तिचा काही धागा जुळतो का? कारखान्यात टाइम स्टडी (कामाला लागणारी वेळ मोजणे) आणि मेथड स्टडी (काम करण्याची पद्धत तपासणे) करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या दृष्टीने थोडक्यात उत्तर असे, की पहिल्या चार-पाच वर्षांत ती बऱ्याच अंशी प्रचारसंस्थाच होती. १९१५ नंतरच्या सुमारे पंधरा-वीस वर्षांत मात्र तिने टेलर यांच्या पद्धतीची जितकी कठोर तपासणी केली, तितकी त्यांच्या विरोधकांनीही क्वचितच केली असेल. आपल्या पाठ्यपुस्तकांत टेलर, त्यांची चार तत्त्वे आणि मागाहून आलेला मानवी संबंधांचा विचार अशी उडी मारली जाते, आणि या दोहोंमधला काळ गाळलाच जातो. या सोसायटीचे खरे काम नेमके त्याच काळातले आहे.

ही संस्था मुळात वेगळी का काढावी लागली, ते आधी पाहू. अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांची मोठी संघटना म्हणजे अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स. याच व्यासपीठावर १८८६ साली हेन्री टाउन यांनी, अभियंत्याने कारखान्याच्या अर्थकारणाकडेही आपला विषय म्हणून पाहिले पाहिजे, असा निबंध वाचला होता. टेलर यांचा कामाच्या दरांवरचा १८९५ चा निबंध आणि कारखाना व्यवस्थापनावरचा १९०३ चा निबंध हेही तिथलेच. १९०६ साली टेलर या संघटनेचे अध्यक्ष झाले. तरीही बहुसंख्य सभासदांना व्यवस्थापन हा अभियांत्रिकीचा विषय वाटत नव्हता. बॉयलर, गिअर आणि धातू हे खरे शास्त्र. मजुरी, पर्यवेक्षण आणि कामाचे नियोजन हा मालकाचा घरगुती मामला, अशी त्यांची धारणा होती. टेलर यांनी शास्त्रीय व्यवस्थापनाच्या तत्त्वांवरचे हस्तलिखित १९१० मध्ये या संघटनेकडे दिले, तेव्हा प्रकाशन समितीने ते इतके दिवस दाबून ठेवले, की शेवटी त्यांनी ते परत घेऊन स्वखर्चाने छापले आणि सभासदांना वाटले.

याच सुमारास या विषयाला अनपेक्षित प्रसिद्धी मिळाली, आणि तीही कारखान्यातून नव्हे, तर सरकारी दर-आयोगापुढच्या सुनावणीतून. पूर्वेकडच्या रेल्वे कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर वाढवून मागितले होते. त्याला विरोध करणाऱ्या व्यापाऱ्यांचे वकील होते लुई ब्रँडाइस, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. त्यांचा युक्तिवाद असा होता, की कंपन्यांनी आपला कारभार नीट केला तर दरवाढीची गरजच उरणार नाही. सुनावणीपूर्वी ते टेलर यांचे सहकारी हेन्री गँट यांच्या घरी टेलर यांच्या अनुयायांना भेटले, आणि तोवर निरनिराळ्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीसाठी ‘सायंटिफिक मॅनेजमेंट’ हे एकच नाव तिथे ठरले. नोव्हेंबर १९१० मध्ये कार्यक्षमता सल्लागार हॅरिंग्टन इमर्सन यांनी साक्षीत सांगितले, की रेल्वे कंपन्या दिवसाला दहा लाख डॉलर वाचवू शकतील. दुसऱ्या दिवशी हा आकडा वर्तमानपत्रांत झळकला. पुढच्या फेब्रुवारीत आयोगाने दरवाढ नाकारली. इमर्सन यांचा आकडा हा मोजमापापेक्षा अंदाजच अधिक होता हे माझे मत आहे, पण लोकांच्या मनावर परिणाम झाला तो त्या आकड्याचाच.

अशा प्रसिद्धीबरोबर भोंदू लोकही येतात. कालपर्यंत हिशेबनीस असलेला किंवा यंत्रे विकणारा माणूस आज ‘एफिशिअन्सी एक्स्पर्ट’ अशी पाटी लावून कारखान्यात शिरू लागला. टेलर यांचे म्हणणे असे, की आधी यंत्रे, पट्टे, हत्यारे, साहित्याचा पुरवठा आणि नियोजन सुधारावे, त्यानंतरच वेळ मोजावी, आणि एवढ्या कामाला दोन ते चार वर्षे लागतात. हे तज्ज्ञ मात्र पहिल्या आठवड्यातच स्टॉपवॉच काढून बोनस जाहीर करत. यावर उपाय म्हणून कामातल्या हालचालींचा अभ्यास करणारे फ्रँक गिलब्रेथ यांनी स्वतंत्र संस्थेचा आग्रह धरला. न्यूयॉर्क अ‍ॅथलेटिक क्लबातील अनौपचारिक बैठकांतून १९११ च्या सुमारास ‘सोसायटी टू प्रमोट द सायन्स ऑफ मॅनेजमेंट’ उभी राहिली. मॉरिस कुक, कार्ल बार्थ, होरेस हॅथवे, रॉबर्ट केंट, विल्फ्रेड लुइस ही सुरुवातीची मंडळी. लिंक-बेल्ट कंपनीचे जेम्स मेप्स डॉज पहिले अध्यक्ष झाले. त्यांचा आणि लुइस यांचा टेबर हे दोन्ही कारखाने फिलाडेल्फियातले. टेलर यांची पद्धत पूर्णपणे चालू असलेली ठिकाणे म्हणून पाहुण्यांना हेच कारखाने दाखवले जात. स्वतः टेलर यांना या संस्थेचा फारसा उत्साह नव्हता. हा विषय अभियंत्यांच्या मोठ्या संघटनेतच रुजावा, अशी त्यांची इच्छा होती. ज्यांचे नाव पुढे या संस्थेला दिले गेले, तेच तिच्यापासून थोडे अंतर राखून होते, हे अनेकांना ठाऊक नसते.

संस्था नुकतीच बोलू-चालू लागली होती, तोच वॉटरटाउनचे प्रकरण घडले. ते जरा तपशिलाने सांगतो, कारण या विषयावरचे सगळे आक्षेप त्यात सापडतात. बोस्टनजवळच्या वॉटरटाउन येथे लष्कराचा सरकारी शस्त्रकारखाना होता. तिथे बार्थ यांच्या मार्गदर्शनाखाली टेलर पद्धत आणली जात होती, आणि मशिन शॉपमध्ये ती बऱ्यापैकी बसलीही होती. ऑगस्ट १९११ मध्ये ड्वाइट मेरिक हे वेळ मोजण्यासाठी फाउंड्रीत (धातूच्या ओतकाम विभागात) गेले. मेरिक मशिन शॉपच्या कामात मुरलेले होते. साच्याच्या कामाशी त्यांचा परिचय नव्हता. साचा बनवणाऱ्या कारागिराचे काम लेथवरच्या कामासारखे नसते. वाळूतली ओल, पॅटर्नची अवस्था, ठोकणीचा जोर, हवा जाण्यासाठी पाडायची भोके अशा गोष्टींचा अंदाज तो हाताने घेतो. त्यात दर वेळी थोडा फरक पडतो, आणि चूक झाली तर ती धातू ओतल्यावरच कळते. मेरिक यांनी ठरवलेली वेळ कामगारांना अशक्य वाटली. इतकेच नव्हे, तर त्यांच्यापैकी एकाने मेरिक यांच्याबरोबरच त्याच कामाची स्वतः वेगळी नोंद ठेवली होती, आणि ती मेरिक यांच्या आकड्याशी मुळीच जुळत नव्हती. जोसेफ कूनी या कारागिराने घड्याळासमोर काम करण्यास नकार दिला, त्याला कामावरून काढले गेले आणि सगळे मोल्डर, म्हणजे साचे बनवणारे कारागीर, बाहेर पडले. संप सुमारे आठवडाभरच टिकला, पण प्रकरण थेट काँग्रेसपर्यंत, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपर्यंत गेले.

घड्याळ हातात धरून ज्यांनी काम केले आहे, त्यांना ही गोष्ट फार ओळखीची वाटेल. क्लिपबोर्डला लावलेले दशांश मिनिटांचे घड्याळ घेऊन तुम्ही मशिनजवळ उभे राहिलात, की ऑपरेटर जॉब उगाच एकदा जास्त पुसतो, गेज दोनदा लावतो, चिप काढायला ब्रशऐवजी हात वापरतो. आपण त्याला रेटिंग लावतो, म्हणजे त्याचा वेग सामान्य वेगाच्या किती टक्के आहे हे नजरेने ठरवतो, त्यावर थकवा, वैयक्तिक गरजा आणि अडथळे यांचे अलाउन्स, म्हणजे जादा वेळ, धरतो. घड्याळातला आकडा शंभरांश मिनिटापर्यंत अचूक असला, तरी रेटिंग आणि अलाउन्स हे शेवटी माणसाचे मत असते. वॉटरटाउनच्या मोल्डरांनी बोट ठेवले ते नेमके या दुबळ्या जागेवर. टेलर यांनी स्वतः या प्रकरणानंतर फाउंड्रीत इतक्या घाईने आणि पूर्वतयारीविना वेळ मोजायला नको होती, असे म्हटले. पण ज्या कामगारांना त्याची झळ लागली, त्यांना या खुलाशाचा काय उपयोग?

प्रतिनिधिगृहाने विल्यम विल्सन यांच्या अध्यक्षतेखाली विशेष समिती नेमली. विल्सन हे खाणकामगारांच्या संघटनेतून आलेले, पुढे देशाचे पहिले कामगारमंत्री झालेले गृहस्थ. जानेवारी १९१२ मध्ये टेलर यांची साक्ष चार दिवस चालली. त्यात त्यांनी शास्त्रीय व्यवस्थापन म्हणजे घड्याळ नव्हे, बोनस नव्हे, तर दोन्ही बाजूंची संपूर्ण ‘मानसिक क्रांती’ असे सांगितले. समितीने कोणत्याही बाजूने टोकाचा निष्कर्ष काढला नाही, पण संघटित कामगारांचे दडपण इतके होते, की १९१५ मध्ये लष्कराच्या खर्चाच्या विधेयकाला एक कलम जोडले गेले. त्यानुसार सरकारी शस्त्रकारखान्यांत घड्याळ लावून वेळ मोजणे आणि बोनस देणे यांसाठी सरकारी पैसा वापरण्यास मनाई झाली. ही बंदी १९४९ पर्यंत कायम होती. म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकेचे शस्त्रउत्पादन जगात सर्वांत मोठे असताना, सरकारच्याच कारखान्यांत स्टॉपवॉच कायद्याने वर्ज्य होते!

या वादाला आणखी एक वळण लागले. औद्योगिक संबंधांच्या आयोगासाठी शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट हॉक्सी यांनी शास्त्रीय व्यवस्थापन असलेल्या पस्तीस कारखान्यांची पाहणी केली. त्यांच्याबरोबर दोघे होते, मालकांच्या दृष्टीने पाहणारे रॉबर्ट व्हॅलेंटाइन आणि कामगारांच्या दृष्टीने पाहणारे मोल्डर संघटनेचे जॉन फ्राय. पाहणीत दिसले, की पुस्तकातली पद्धत आणि प्रत्यक्षातली पद्धत यांत फार मोठे अंतर आहे. बहुतेक ठिकाणी व्यवस्थापनाने आपल्या वाटची सुधारणा न करता फक्त वेळ आणि दर यांना हात घातला होता. टेलर पद्धतीच्या कट्टर समर्थकांना हा अहवाल झोंबला, आणि त्यातील काही सरसकट विधाने खरोखरच घाईची होती. पण मूळ निरीक्षण नाकारण्यासारखे नव्हते.

टेलर २१ मार्च १९१५ रोजी वारले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियात त्यांच्या स्मरणार्थ सभा झाली, आणि १९१६ मध्ये संस्थेने टेलर सोसायटी हे नाव घेतले. विषयाच्या जनकाचे नाव घेणाऱ्या संस्था बहुधा स्मारके होऊन बसतात, गुरूचे शब्द जपणे एवढेच त्यांचे काम उरते. इथे तसे झाले नाही, याचे श्रेय माझ्या मते दोन माणसांचे आहे.

पहिले हार्लो पर्सन. हे अभियंते नव्हते, अर्थशास्त्रज्ञ होते. डार्टमथ महाविद्यालयाच्या टक स्कूल या व्यवस्थापन शिक्षणसंस्थेचे ते प्रमुख होते, आणि १९११ च्या ऑक्टोबरात शास्त्रीय व्यवस्थापनावरची परिषद त्यांनीच तिथे भरवली होती. ते सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि १९१९ पासून पूर्णवेळ कार्यकारी संचालक. संस्थेची नियतकालिका १९१४ च्या अखेरीस सुरू झाली होती. पर्सन यांनी तिला खरे वजन आणले. सभेत वाचलेला निबंध आणि त्याखाली त्याच्यावर झालेली टीका, ही नियतकालिकेची रीत होती. ज्यांना या पद्धतीची घृणा होती, त्यांनाही व्यासपीठावर बोलावले जाई, आणि त्यांचे म्हणणे जसेच्या तसे छापले जाई. डिसेंबर १९१५ मध्ये व्हॅलेंटाइन यांनी याच संस्थेपुढे कार्यक्षमता आणि संमती यांच्या नात्यावर निबंध वाचला, तो या रीतीचा उत्तम नमुना आहे. वेळ आणि पद्धत कितीही शास्त्रीय असो, ज्यांच्यावर ती लागू व्हायची त्या कामगारांच्या संघटित संमतीशिवाय ती टिकणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. अनेक जुन्या सभासदांना हे पाखंड वाटले. शास्त्राचा निकाल बहुमताने लावायचा काय, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल अजिबात मूर्खपणाचा नाही. साच्यातून हवा जाण्याची भोके किती मोठी असावीत हे मतदानाने ठरत नाही. पण दिवसभरात किती साचे म्हणजे वाजवी काम, या प्रश्नात नुसते धातुशास्त्र नसते.

दुसरे मॉरिस कुक. १९१२ ते १९१५ या काळात त्यांनी फिलाडेल्फिया शहराच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचे संचालक म्हणून काम केले होते. त्या अनुभवातून त्यांचे मत असे बनले, की अपव्ययाचे मूळ कामगाराच्या हातात नसून वरच्या माणसांच्या निर्णयांत आहे. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचे नेते सॅम्युअल गॉम्पर्स यांच्याशी त्यांनी संवाद वाढवला. पहिल्या महायुद्धात सोसायटीची बरीच मंडळी सरकारी युद्धखात्यांत गेली, आणि तिथे त्यांचा कामगार संघटनांशी रोजचा संबंध आला. कामे आणि त्यांची वेळ आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा गँट यांचा प्रसिद्ध तक्ता युद्धकाळातील उत्पादन आणि जहाजबांधणीच्या नियोजनात वापरला गेला तो याच काळात.

युद्धानंतरच्या दोन घटनांवर मी थोडा थांबणार आहे, कारण ‘प्रचारसंस्था होती का’ या प्रश्नाचे उत्तर त्यांत आहे.

पहिली घटना संस्थेच्या घरातली. डिसेंबर १९२० मध्ये फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ यांनी टेलर सोसायटीच्या सभेत स्टॉपवॉचने होणाऱ्या वेळ-अभ्यासावर अक्षरशः आरोपपत्रच दाखल केले. घड्याळाने मोजलेल्या वेळा अचूक नसतात, त्या कामाची उत्तम पद्धत शोधून देत नाहीत आणि कामगाराशी प्रामाणिक नसतात, असा त्यांचा रोख होता. त्याऐवजी चित्रफितीवर हालचाली टिपून त्यांचे पृथक्करण करावे, असे त्यांचे म्हणणे होते. गिलब्रेथ यांचे टेलर यांच्याशी १९१४ पासूनच बिनसले होते, आणि चित्रफितीची पद्धत हा त्यांचा स्वतःचा व्यवसाय होता, हे लक्षात ठेवूनच हे आरोप वाचले पाहिजेत. बार्थ आणि मेरिक यांच्यासारख्या जुन्या लोकांनी त्यांना तितकेच तिखट उत्तर दिले. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की टेलर यांच्या नावाच्या संस्थेने टेलर यांच्या मुख्य हत्यारावरचा हा हल्ला आपल्याच नियतकालिकेत छापला. फ्रँक गिलब्रेथ जून १९२४ मध्ये अचानक वारले. प्राग येथे भरणाऱ्या पहिल्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन परिषदेला ते निघण्याच्या बेतात होते. लिलियन त्यांच्याऐवजी तिथे गेल्या. पुढे चार दशकांहून अधिक काळ त्यांनी या विषयाला जे दिले, तो एका वेगळ्या उत्तराचा विषय आहे.

दुसरी घटना पोलाद उद्योगातली. त्या वेळी अमेरिकेच्या पोलाद कारखान्यांत भट्टीवरच्या कामगारांना बारा तासांची पाळी असे, आणि दर पंधरवड्याने दिवसपाळी आणि रात्रपाळी बदलताना सलग चोवीस तास काम करावे लागे. १९१९ चा मोठा संप मोडला गेला होता. कंपन्यांचे म्हणणे असे, की तीन पाळ्या केल्या तर पुरेशी माणसे मिळणार नाहीत आणि खर्च परवडणार नाही. कुक यांच्या प्रयत्नाने होरेस ड्रुरी या अर्थतज्ज्ञांनी या दाव्याची तपासणी करायचे ठरवले. त्यांची पद्धत साधी होती. आठ तासांच्या पाळीवर आधीच गेलेले छोटे-मोठे पोलाद कारखाने त्यांनी शोधून काढले, प्रत्यक्ष जाऊन पाहिले, आणि किती जादा माणसे लागली, टनामागे मजुरी किती वाढली, गैरहजेरी आणि मालाची प्रत यांत काय फरक पडला, हे व्यवस्थापकांकडूनच विचारून घेतले. बदल जिथे नीट नियोजन करून केला गेला, तिथे खर्चातली वाढ कंपन्या भीती दाखवत होत्या तितकी मोठी नव्हती, आणि एकदा आठ तासांवर गेलेल्या व्यवस्थापकांना मागे फिरावेसे वाटत नव्हते. ३ डिसेंबर १९२० रोजी न्यूयॉर्कमध्ये टेलर सोसायटीने यंत्र आणि विद्युत अभियंत्यांच्या संघटनांच्या स्थानिक शाखांबरोबर संयुक्त सभा घेऊन हा निबंध मांडला. त्यातूनच अभियंत्यांच्या महासंघाने या विषयावर मोठी पाहणी हाती घेतली, आणि १९२२ मध्ये तिच्या अहवालाला राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी प्रास्ताविक लिहिले. १९२३ च्या मे महिन्यात पोलाद उत्पादकांच्या समितीने हे अशक्य असल्याचे पुन्हा सांगितले. पण लोकमत आणि सरकार यांचे दडपण इतके वाढले, की ऑगस्टमध्ये आठ तासांची पाळी सुरू करावी लागली. एकट्या टेलर सोसायटीने हे घडवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण चर्चसंघटना, वृत्तपत्रे आणि तेव्हाचे व्यापारमंत्री हर्बर्ट हूवर यांचा वाटा मोठा होता. पण ‘परवडत नाही’ या विधानाला आकड्यांनी उत्तर देण्याचे काम या अभियंत्यांनी केले, आणि संपात हरलेल्या कामगारांच्या बाजूने केले.

१९२१ मध्ये हूवर यांच्या पुढाकाराने अभियंत्यांच्या महासंघाने उद्योगातील अपव्ययावर अहवाल काढला, त्यातही याच विचाराची छाप आहे. बांधकाम, तयार कपडे, बूट, छपाई, धातुकाम आणि कापड या सहा उद्योगांची पाहणी करून त्यांनी लिहिले, की अपव्ययातल्या निम्म्याहून अधिक भागाची जबाबदारी व्यवस्थापनावर येते आणि कामगारांवर पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी. आमच्या व्यवसायात नवीन आलेल्या मुलांना मी हा निष्कर्ष नेहमी सांगत असे. लाइन थांबण्याची कारणे आठवडाभर नोंदवा, मटेरिअल नाही, टूल नाही, ड्रॉइंग बदलले, इन्स्पेक्टर आला नाही, अशी कारणे एकीकडे आणि ऑपरेटर जागेवर नव्हता हे कारण दुसरीकडे ठेवा. बेरीज कुठे जास्त होते ते तुम्हालाच दिसेल.

कामगार संघटनांशी सोसायटीचे नाते या दशकात बदलत गेले. क्लीव्हलँडच्या स्त्रियांच्या कपड्यांच्या उद्योगात १९१९ च्या करारानंतर वेळ-अभ्यास संघटना आणि मालक यांच्या संयुक्त देखरेखीखाली होऊ लागला. त्यासाठी लागणारे अभियंते दोघांनी मिळून नेमले. बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या ग्लेनवुड येथील दुरुस्ती कार्यशाळेत १९२३ पासून कामगार आणि अधिकारी यांच्या संयुक्त समित्या कामाच्या सुधारणा सुचवू लागल्या. डिसेंबर १९२५ मध्ये गॉम्पर्स यांचे उत्तराधिकारी विल्यम ग्रीन यांनी टेलर सोसायटीपुढे भाषण केले. ज्या फेडरेशनने दहा वर्षांपूर्वी काँग्रेसमधून स्टॉपवॉचवर बंदी आणली होती, त्याचाच अध्यक्ष आता त्याच घड्याळवाल्यांच्या सभेत व्यवस्थापनाविषयी कामगारांच्या अपेक्षा मांडत होता! पुढच्याच वर्षी व्यवस्थापनाच्या विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी इथे अंतिम अधिकार हा भ्रम कसा आहे, यावर निबंध वाचला. अधिकार एका खुर्चीत नसतो, तो कामाच्या परिस्थितीतून निर्माण होतो, हा त्यांचा विचार टेलर यांच्या ‘फंक्शनल फोरमन’ (एकाच फोरमनऐवजी कामाच्या प्रत्येक बाजूसाठी वेगळा फोरमन) या कल्पनेशी जुळतो, हे त्या सभेतल्या श्रोत्यांना चांगले कळले असणार. रसेल सेज फाउंडेशन या सामाजिक संशोधन संस्थेच्या मेरी व्हान क्लीक या तर संस्थेतल्या सर्वांत डाव्या विचाराच्या आवाजांपैकी एक होत्या.

मात्र चित्र फार उजळ रंगवण्यात अर्थ नाही. टेलर सोसायटीचा आवाका मर्यादित होता. तिच्यामागे उभे होते ते उदार विचाराचे मध्यम कारखानदार. फ्रेमिंगहॅमचे हेन्री डेनिसन यांनी आपल्या कामगारांसाठी बेकारी निधी काढला होता आणि ते सोसायटीचे अध्यक्षही झाले. क्लीव्हलँडचे कपडे उत्पादक रिचर्ड फाइस आणि प्लिम्प्टन प्रेसचे हेन्री केंडल हेही याच वर्गातले. बहुसंख्य अमेरिकन कारखान्यांत मात्र शास्त्रीय व्यवस्थापन या नावाखाली आली ती दरकपात आणि वेगवाढ. चार्ल्स बेदो यांची ‘बी’ एककाची पद्धत याचे ठळक उदाहरण. प्रत्येक मिनिटाचे काम आणि विश्रांती एका एककात बसवून ती झटपट लागू केली जाई, आणि अमेरिकेत व युरोपात तिच्याविरुद्ध संप झाले. सोसायटीचे विचारवंत ज्या गोष्टीला शास्त्र म्हणायला तयार नव्हते, तीच बाजारात अधिक विकली गेली. संस्थेने कोणाला प्रमाणपत्र दिले नाही, कोणाचा परवाना काढून घेतला नाही. भोंदूंना आळा घालण्यासाठी जी संस्था निघाली होती, तिच्याजवळ आळा घालण्याचे साधनच कधी नव्हते. वैद्यक परिषदेसारखा अधिकार नसलेली व्यावसायिक संस्था फार तर चांगले उदाहरण घालून देऊ शकते.

१९२९ च्या मंदीने या संस्थेचा कणा मोडला. कारखाने बंद पडले, तसे सल्लागार आणि वर्गणीदार कमी झाले. विचारांच्या बाजूने मात्र हीच तिची सर्वांत धाडसी वर्षे होती. एका कारखान्यात नियोजन करून उत्पादन, साठा आणि रोजगार स्थिर ठेवता येतो, तर संपूर्ण उद्योगात आणि देशात का नाही, असा प्रश्न पर्सन विचारू लागले. सभासदांपैकी काही जण न्यू डीलच्या, म्हणजे मंदीतून सावरण्यासाठी रूझवेल्ट सरकारने आखलेल्या योजनांच्या कामात गेले; कुक १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण प्रशासनाचे पहिले प्रमुख झाले. ज्या कारखानदारांच्या वर्गणीवर संस्था चालत होती, त्यांना ही दिशा मानवण्यासारखी नव्हती. १९३३ मध्ये पर्सन यांनी संचालकपद सोडले. १९३६ मध्ये टेलर सोसायटी आणि १९१७ मध्ये स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडस्ट्रिअल इंजिनिअर्स यांचे विलीनीकरण होऊन सोसायटी फॉर अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ मॅनेजमेंट निर्माण झाली. तिचा ‘टेलर की’ हा सन्मान टेलर यांच्या नावाने दिला जातो आणि तिचे नियतकालिक आजही निघते, पण ती व्यवस्थापनाच्या सर्वसाधारण संस्थांपैकी एक झाली. पर्सन आणि कुक यांच्या काळातला वादविवाद तिच्यात पुन्हा तितक्या जोराने झालेला मला दिसत नाही.

आता आपल्याकडचा धागा. टेलर सोसायटीची शाखा इथे नव्हती, त्यामुळे थेट नाते जोडू नये. पण तिच्या विषयातले वाद मुंबईत फार लवकर पोहोचले होते. १९२७ च्या जिनिव्हा येथील जागतिक आर्थिक परिषदेने ‘रॅशनलायझेशन’चा, म्हणजे उद्योगांच्या शास्त्रीय फेररचनेचा पुरस्कार केला, आणि त्याच सुमारास मुंबईच्या ससून गटाच्या गिरण्यांनी ‘एफिशिअन्सी’ पद्धत आणली: विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळायचे, सूतकताईत एका माणसाने एका बाजूऐवजी दोन बाजू. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ या काळात सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा संप झाला, गिरणी कामगार युनियन लाल बावटा त्यातूनच उभी राहिली, आणि मागाहून सरकारने नेमलेल्या फॉसेट समितीपुढे वेतन व कामाच्या प्रमाणीकरणाची चौकशी झाली. सूत वारंवार तुटत असताना, कापूस हलक्या प्रतीचा असताना तीन माग कसे सांभाळायचे, हा कामगारांचा सवाल वॉटरटाउनच्या मोल्डरांच्याच जातीचा होता: आधी तुमच्या वाटची सुधारणा करा, मग आमचे काम मोजा.

स्वातंत्र्यानंतर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे उत्पादकता पथक १९५२ मध्ये भारतात आले आणि त्याने कापड व अभियांत्रिकी कारखान्यांत कार्य-अभ्यासाचे प्रयोग करून दाखवले. १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद आणि १९६३ मध्ये मुंबईत विहार तलावाजवळ ‘निटी’ म्हणजे राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. राष्ट्रीय उत्पादकता परिषदेची रचनाच सरकार, मालक आणि कामगार अशी त्रिपक्षीय ठेवली गेली. टेलर यांच्या १९११ च्या लेखनात ती कल्पना सापडणार नाही. १९१५ नंतरच्या टेलर सोसायटीच्या चर्चांत मात्र तिचे पूर्वरूप दिसते.

पिंपरी-चिंचवड किंवा नाशिकच्या पट्ट्यातल्या कारखान्यांचे वेतन करार काढून पाहिले, तर उत्पादनाच्या नॉर्मबद्दल, म्हणजे ठरवून दिलेल्या उत्पादनाच्या प्रमाणाबद्दल, एक कलम बहुधा सापडते: मशिन, पद्धत, साहित्य किंवा ड्रॉइंग यांत बदल झाल्याखेरीज ठरलेला नॉर्म बदलला जाणार नाही, वाद झाल्यास युनियनच्या प्रतिनिधीसमक्ष फेरअभ्यास केला जाईल. कराराच्या वाटाघाटीत या कलमातल्या एकेका शब्दावर दोन-दोन बैठका जातात, आणि युनियनचे अनुभवी प्रतिनिधी रेटिंग आणि अलाउन्सचे हिशेब आमच्याइतकेच पक्के जाणतात. नवीन इंजिनिअरला हे कलम अडथळा वाटते. त्याने क्लीव्हलँडच्या कपडे उद्योगातील करार आणि त्यावर झालेली चर्चा वाचली, तर संयुक्त वेळ-अभ्यासाची अट कोणत्या भांडणातून आली आणि ती काढून टाकली तर पुढचे भांडण कुठून सुरू होईल, हे त्याला आपोआप समजेल.